माघ-फाल्गुनात सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेट्या कशा सांभाळायच्या? (राणीघरं दिसली आहेत, लवकर सांगा)

वावरातला (आर्वी, जि. वर्धा)
१२ फेब्रुवारी, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. माझ्याकडं सातेरीच्या पाच पेट्या आहेत. दोन प्रशिक्षणानंतर विकत घेतल्या. बाकी तीन मोहोळं मीच धरली, एक पडक्या विहिरीच्या कपारीतून आणि दोन गावातल्या जुन्या मातीच्या भिंतीतून. पेट्या संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर आंब्याखाली ठेवल्या आहेत. आंबिया बहार (संत्र्याचा आत्ताचा फुलोरा) जोरात आहे, सकाळी बागेत शिरलं की वासानंच कळतं.

आज साडेअकराला चांगलं ऊन आल्यावर पेट्या उघडल्या. तीन नंबरच्या पेटीत आठही चौकटींवर माश्या दाटलेल्या. चौथी चौकट उचलली तर पोळ्याच्या खालच्या कडेला चार राणीघरं (नवी राणी वाढवायची घरं) लोंबत होती, भुईमुगाच्या शेंगेसारखी, टोक खाली. दोन बंद झालेली, दोन उघडी. उघड्यात डोकावलं तर पांढऱ्या घट्ट खाद्यात अळी पोहत होती. राणी दिसली नाही, पण अंडी सापडली, तळाशी उभी.

पाच नंबरची पेटी अगदी उलट. दोनच चौकटींवर माश्या, पोळी काळी कुट्ट, तळपाटावर बोटभर मेणाचा भुसा.

माझं हे दुसरंच वर्ष. मागच्या वर्षी मार्चमध्ये एक मोहोळ उठून (पेटी सोडून) गेलं आणि मी नुसता पाहत राहिलो. तीन नंबरची राणीघरं कापू की पेटी फोडून दोन करू? आणि पाच नंबरला साखरपाणी देऊ का? उद्या सकाळी काहीतरी करावंच लागेल असं वाटतं.

कृषी_शिकतोय (अकोला)
१२ फेब्रुवारी, रात्री ९.०५

दादा, शक्य असेल तर चौकटीचा फोटो टाका. मी शिकतोय, मलाही पाहायचंय.

जुनी_पेटी (काटोल)
१२ फेब्रुवारी, रात्री ९.५०

भाऊ, घरं कापू नका. मी पहिले चार-पाच वर्स तेच केलं. दर आठ दिवसानं पेटी उघडाची, घरं मोडाची, अन् एखादं चौकटीच्या कोपऱ्यात राहूनच जाये. मंग एक दिवस येऊन पाहा तं अर्धी पेटी रिकामी, अन् मोहोळ समोरच्या चिंचेवर तीस फूट वर. माशीनं एकदा जाचं ठरवलं की घर मोडून तिचं मन मोडत नाही. ती दुसरं बांधते.

तुमची दोन घरं बंद झाली म्हंता. बंद झाल्यावर सात-आठ दिवसांत नवी राणी बाहेर येते, पण जुनी राणी त्याच्या आधीच माश्या घेऊन निघते. पहिलं घर बंद झालं की ती कवाही उडू शकते. म्हणून उद्याच करा, परवावर टाकू नका.

जुनी राणी हुडका. सापडली की ती ज्या चौकटीवर हाये ती, एक बंद पिल्लाची अन् एक मध-परागाची, अशा तीन चौकटी नव्या पेटीत घ्या. राणीच्या चौकटीवर एकही राणीघर राहू देऊ नका. नवी पेटी पंचवीस-तीस पावलं दूर, तोंड दुसरीकडं. बाहेर फिरनाऱ्या माश्या जुन्या जागीच परत जातात, म्हणून आणखी एका चौकटीवरच्या माश्या नव्या पेटीत झटका. त्यात कोवळ्या माश्या जास्त असतात, त्या राहतात.

जुन्या पेटीत बंद घर एकच ठेवा. लांब, सरळ अन् वरून खडबडीत असंल ते. दोन ठेवले तं सातेरी पहिल्या राणीसंगं परत उठते. अन् ते घर ज्या चौकटीवर हाये ती झटकू नका, आडवी करू नका. आत राणी अर्धवट झालेली असते, धक्का बसला तं पंख अधू होतो. मंग ती उडत नाही, फळत नाही.

त्यानंतर पंधरा दिवस ती पेटी उघडाची नाही. लय मन होते, पन नाही उघडाची.

कृषी_शिकतोय (अकोला)
१२ फेब्रुवारी, रात्री १०.१०

काका, नवी राणी फळायला नर लागतात ना? ते आत्ता असतील का?

जुनी_पेटी (काटोल)
१२ फेब्रुवारी, रात्री १०.३०

चांगलं इचारलं बेटा. नराची घरं पाहा. कामकरीच्या घरापेक्षा मोठी अन् टोपी फुगलेली. सातेरीत त्या टोपीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असते. मेलिफेरात (परदेशी माशीत) ते नसते. भोकाची टोपी दिसली म्हंजे नर येऊन रायले. पन बाहेर निघाल्यावरही दहा-बारा दिवस नर कामाचा नसतो. दुपारी दाराशी जाड्या, मोठ्या डोळ्याच्या माश्या उडताना दिसल्या तं निश्चिंत फोडा. नर नसताना फोडलेली पेटी म्हंजे फसवणूक, राणी कोरीच राहते.

बियाणेप्लॉट (देऊळगाव राजा)
१३ फेब्रुवारी, सकाळी ६.५५

मी मेलिफेरावाला. कांदा बियाण्याच्या प्लॉटवर पेट्या नेतो. काकांशी थोडा असहमत आहे.

ऐन बहरात पेटी फोडली की त्या हंगामाचा मध गेला, दोन्ही पेट्या अर्ध्या राहतात. माझा अनुभव असा की जानेवारीच्या सुरुवातीपासून एक भाग साखर आणि एक भाग पाणी असा पातळ पाक रोज थोडा द्यायचा. पाक आला की राणीला वाटतं फुलोरा सुरू झाला, ती अंडी वाढवते, आणि बहर येईपर्यंत पेटी भरते. मग जागा वाढवायची. वर मधकोठी (मध साठवायचा कप्पा) चढवली आणि मध्ये मेणपत्रा (पोळं बांधायला मेणाचा पातळ पत्रा) दिला की दाटी कमी होते आणि उठायचं डोक्यात येत नाही. राणीघर दिसायची वेळच येऊ द्यायची नाही.

आणि दादा, आता बहर चालू असताना पाक देऊ नका. तोच पाक मधकोठीत जाऊन बसतो आणि गिऱ्हाइकाला तुम्ही मध म्हणून साखर देता.

जुनी_पेटी (काटोल)
१३ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

जागा वाढवाची गोष्ट सोळा आणे खरी, पन ती घरं बांधायच्या आधीची. यांच्याकडं घरं बंद झालीत. आता मधकोठी चढवून माशी थांबत नाही.

अन् मधाचं म्हंता तं माहं मत येगळं हाये. पुस्तकात लिहिते, वसंत म्हंजे हंगामाची सुरुवात. ती पुस्तकं थंड मुलखातली. तिकडं बर्फ सरते अन् पुढं सहा महिने फुलंच फुलं. आपल्याकडं होळी झाली की दीड महिन्यात पारा पंचेचाळीसवर. संत्रा, आंबा, मंग नीम, मोह, करंज, अन् संपलं. त्याच्यापुढं मे कोरडा अन् पावसाळ्यातही सातेरीले उपासच. म्हणून फेब्रुवारीत जे काही कराचं ते मे डोळ्यासमोर ठेवून. पेटी फोडाची असंल तं होळीच्या आत. होळीनंतर फोडलेली पेटी उन्हाळ्याच्या तोंडी लहान लेकरू घेऊन उभी राहते.

पाचही पेट्या फोडू नका भाऊ. ही एकच.

वावरातला (आर्वी)
१३ फेब्रुवारी, दुपारी २.१५

केलं काका. नराची टोपी पाहिली, भोक आहे! आजवर शंभर वेळा चौकट हातात घेतली असेल, पण ते कधी दिसलं नव्हतं.

राणी सहाव्या चौकटीवर सापडली, पराग भरलेल्या बाजूला. पोट लांब, चाल संथ, माश्या वाट करून देत होत्या. तिला चौकटीसकट नव्या पेटीत ठेवलं. हात थरथरत होते, खरं सांगतो. जुन्या पेटीत एक बंद घर ठेवलं, बाकी तीन काढली.

आता पाच नंबरचं सांगा.

अकोट_फुलोरा (अकोट)
१३ फेब्रुवारी, सायं. ६.३०

पाच नंबरबद्दल आधी माझी चूक ऐका. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी गारपीट झाली. मोहोर, फुलं, सगळं जमिनीवर. माझ्या एका कमजोर पेटीला खायला नव्हतं म्हणून मी भर दुपारी वाटीत पाक भरून वर ठेवला, थोडा दाराशी सांडला. अर्ध्या तासात बाकीच्या पेट्यांच्या माश्या तुटून पडल्या. दाराशी मारामारी, खाली मेलेल्या माश्यांचा थर, आतलं पोळं कुरतडून टाकलेलं. मी ओलं बारदान टाकलं, दार गवतानं बुजवलं, पण उशीर झाला होता. राणी मेलेली सापडली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. पाक संध्याकाळी दिवे लागल्यावर द्यायचा, पेटीच्या आतच, पसरट भांड्यात वर काड्या टाकून म्हणजे माशी बुडत नाही. जेवढा रात्रीत संपेल तेवढाच. आणि कमजोर पेटीचं दार एका वेळी दोन माश्या जातील एवढं लहान करायचं.

बियाणेप्लॉट (देऊळगाव राजा)
१३ फेब्रुवारी, रात्री ८.००

अकोटवाले भाऊ, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवली. तेव्हा मराठवाडा-विदर्भात गहू, हरभरा, कांदा बियाणं, संत्रा सगळंच झोपलं होतं. त्या वेळी ज्यानं मध आधीच ओरबाडून घेतला होता त्याच्या माश्या मार्चमध्येच उपाशी होत्या. कोठारात काहीतरी ठेवावंच लागतं.

जुनी_पेटी (काटोल)
१३ फेब्रुवारी, रात्री ८.४५

पाच नंबरमधी पहिले राणी हाये का ते पाहा. राणी नाही दिसली तरी चालते, अंडी पाहा. ऊन पाठीमागून खांद्यावरून घ्या अन् चौकट तिरपी धरा. तळाशी रव्याच्या कनासारखं एक अंडं, घरात एकच, मधोमध. तं राणी हाये. एका घरात दोन-तीन अंडी, तीबी भिंतीले चिकटलेली, तं राणी गेली अन् कामकरी अंडी घालून रायल्या. तशी पेटी दुसऱ्या पेटीत मिसळल्याशिवाय उपाय नाही, अन् तेही उशीर झाला तं होत नाही.

राणी असंल तं जागा लहान करा. माश्या झाकत नाहीत त्या काळ्या चौकट्या काढा, बाजूले फळी लावा. सातेरीले जुनं काळं पोळं आवडत नाही, ती सोताच कुरतडून खाली टाकते. तुमच्या तळपाटावरचा भुसा तोच हाये. त्यातच मेणकिडा वाढते. भुसा झाडून जाळा, पेटीजवळ फेकू नका. काढलेलं पोळं उन्हात वितळवून मेण करा.

संत्रावाला (वरूड)
१४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

सगळ्यांचं वाचलं. माश्यांपेक्षा माणसांशी बोलायची गोष्ट कोणी काढलीच नाही म्हणून लिहितो.

माझी स्वतःची संत्र्याची बाग आहे आणि चार पेट्याही आहेत. आंबिया बहाराची फुलं आणि नवती (नवी पालवी) एकाच वेळी येतात. कोवळ्या नवतीवर सायला (रस शोषणारी कीड) येतो, आणि शेतकरी घाबरून इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम मारतो. ही दोन्ही औषधं मधमाशीला फार घातक आहेत. दुपारी फवारलं की चार वाजेपर्यंत पेटीसमोर माश्या गोल गोल फिरताना, जीभ बाहेर काढून पडलेल्या दिसतात. मी एकदा हातानं गोळा केल्या, टोपलंभर निघाल्या. शेजाऱ्याला दोष द्यायला गेलो तर तो म्हणाला, तुमच्या पेट्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. खरंच होतं ते. मी सांगितलंच नव्हतं.

आता बहर धरायच्या आधी, डिसेंबरात बाग ताणावर असतानाच, दीड-दोन किलोमीटरच्या सगळ्या बागवाल्यांकडं जाऊन येतो. सातेरी साधारण तेवढ्याच अंतरात फिरते. म्हणतो, फुलं उघडी असताना मारू नका. मारायचंच झालं तर आदल्या दिवशी मला फोन करा आणि दिवस मावळल्यावर मारा. बहुतेक जण ऐकतात. फोन आला की रात्री पेट्यांची दारं जाळीनं बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलं बारदान टाकून ठेवतो. त्याहून जास्त वेळ कोंडू नका, आत गुदमरतात.

वावरातला दादा, तुमच्या बागेच्या मालकाशी बोललात का?

वावरातला (आर्वी)
१४ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

बाग माझ्या मोठ्या चुलत्याची आहे, ते ऐकतात. पण पलीकडच्या दोन बागांत कधीच गेलो नाही. आज संध्याकाळी जातो.

मोहफूल_ताई (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)
१५ फेब्रुवारी, दुपारी १.००

आमच्या बचत गटाच्या बायका मिळून अकरा पेट्या सांभाळतो. इकडं संत्रा नाही. धानानंतरची लाखोळी, जवस फुलतात तेव्हा पेट्या जरा सावरतात, मग काटेसावर आणि पळस, आणि मार्चच्या शेवटी मोह. मोह फुलला की पहाटे आम्ही फुलं वेचायला आणि माश्या रस घ्यायला एकाच झाडाखाली असतो.

एक सांगते जी. जंगलाच्या कडेला पेट्या ठेवू नका. मोहाच्या दिवसांत अस्वलं फिरतात. दोन वर्षांपूर्वी तीन पेट्या एका रात्रीत फोडल्या, चौकट्या चघळून टाकल्या. आता सगळ्या पेट्या अंगणात आणल्या.

आणि उन्हाचं आत्तापासून बघा. फेब्रुवारीत जी जागा ऊबदार वाटते तीच एप्रिलमध्ये भट्टी होते. आम्ही होळीच्या आधी तुराट्यांचा मांडव घालतो, वर गवत. पेटीच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या असतात, त्या एप्रिलमध्ये दुपारपर्यंत सुकतात, म्हणून दिवसातून दोनदा भरतो. पाण्याचं भांडं वेगळं, त्यात गोटे टाकायचे म्हणजे माशी गोट्यावर बसून पिते. एकदा त्यांना पाण्याची जागा सापडली की ती बदलू नका, नाहीतर शेजारच्या रांजणावर जातात आणि भांडणं होतात.

कृषी_शिकतोय (अकोला)
१५ फेब्रुवारी, सायं. ५.२५

ताई, उन्हात माश्या दाराशी ओळीनं बसून पंख हलवतात ते गारव्यासाठीच ना?

मोहफूल_ताई (सिंदेवाही)
१५ फेब्रुवारी, सायं. ७.१०

हो बाळा. सातेरी डोकं बाहेर आणि शेपूट आत करून वारा घालते, नीट बघ. मेलिफेराची डोकं आत असतात. आत पाण्याचे थेंब पसरवून ठेवलेले असतात, ते वाऱ्यानं सुकतात आणि पिल्लांच्या जागी उष्णता चौतीस-पस्तीस अंशांवर राहते. बाहेर शेहेचाळीस असताना तेवढं टिकवायचं म्हणजे किती पाणी वाहून आणावं लागत असेल बघ.

बियाणेप्लॉट (देऊळगाव राजा)
१६ फेब्रुवारी, सकाळी ८.००

मेलिफेरावाल्यांसाठी दोन गोष्टी.

कांद्याच्या प्लॉटवर पेट्या आधी नेऊन ठेवू नका. कांद्याच्या रसात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फारसा आवडत नाही. फुलायच्या आधीच पेटी नेली की ती जवळपासची दुसरी फुलं शोधते आणि तिथलीच होऊन बसते. दहा टक्के गोंडे उघडले की रात्रीतून पेट्या न्या. सकाळी दार उघडलं की समोर कांदाच.

दुसरं, वरोआ (माशीच्या अंगावरची गोचीड). पिल्लं वाढतात तशी वरोआही वाढते. अर्धी वाटी माश्या, साधारण तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यात नाही ना ते दोनदा बघा. पिठीसाखर टाकून मिनिटभर हलवा, पांढऱ्या कागदावर चाळा आणि लालसर गोचिडं मोजा. नऊच्या वर निघाली तर उपाय करायची वेळ आली. माश्या परत पेटीत सोडा, बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात. सातेरीला याचा एवढा त्रास नाही. ही गोचीड मूळची तिच्याच अंगावरची, आणि ती सातेरीत बहुतेक नराच्या घरातच वाढते. मेलिफेराच्या मात्र कामकरी पिल्लांतही वाढते, म्हणून पेटी खचते.

वावरातला (आर्वी)
२२ फेब्रुवारी, रात्री ८.१५

पलीकडच्या दोन्ही बागांत जाऊन आलो. एकानं लगेच नंबर घेतला. दुसरे काका आधी म्हणाले, माश्यांनी फुलाचा रस नेला तर फळ कमी लागतं. त्यांना पेटीजवळ घेऊन गेलो, परागानं माखलेल्या माश्या दाखवल्या. बराच वेळ उभे होते. जाताना म्हणाले, फवाऱ्याआधी सांगीन.

पाच नंबरमध्ये अंडी होती, घरात एकेकच. जागा लहान केली, भुसा जाळला. कोठारात मध जवळजवळ नव्हताच, म्हणून चार संध्याकाळ पाक दिला. आता आत ताजा रस चमकतोय म्हणून पाक बंद केला. त्या पेटीचा मध घेणारच नाही.

तीन नंबर उघडली नाही काका. रोज दाराशी बसतो फक्त. पराग आत जातोय.

जुनी_पेटी (काटोल)
२२ फेब्रुवारी, रात्री ९.००

शाब्बास. पराग आत जाते म्हंजे आशा हाये. मार्चच्या पहिल्या आठवड्याआधी हात लावू नका.

वावरातला (आर्वी)
७ मार्च, दुपारी १२.५०

आज उघडली. राणीघराचं टोक खाली झाकणासारखं गोल कापलेलं होतं, एका बाजूनं अजून लटकत होतं. म्हणजे राणी आपणहून बाहेर आली. दुसऱ्या चौकटीवर अंडी. एका घरात एक, तळाच्या मधोमध. तीनदा ऊन खांद्यावर घेऊन पाहिलं. बायकोला बोलावून दाखवलं, तिलाही दिसली.

नव्या पेटीत जुन्या राणीनं तर पाचव्या चौकटीपर्यंत अंडी घातली आहेत.

आता एकच विचारतो. एक आणि दोन नंबरच्या मधकोठ्या भरल्या आहेत. त्यातल्या चार चौकट्या बऱ्यापैकी बंद झाल्या आहेत, बाकी उघड्या. सगळा काढू का? ओळखीत मागणी खूप आहे.

जुनी_पेटी (काटोल)
७ मार्च, दुपारी ३.३०

चारातले तीन भाग मेणानं बंद झाले असंल तीच चौकट काढा. उघड्या मधात पाणी जास्त असते. वीस टक्क्यांच्या वर पाणी असंल तं मध आंबते अन् नियमातही बसत नाही. पिल्लाच्या कोठीतला मध काढाचा नाही, एक थेंब नाही. अन् मधकोठीतल्याही दोन चौकट्या त्याहिले ठेवा. नीम अन् मोह आले तं पुन्हा पाहू.

मोहफूल_ताई (सिंदेवाही)
७ मार्च, सायं. ६.००

दादा, मांडव घातला का?

वावरातला (आर्वी)
७ मार्च, रात्री ८.२०

तुराट्या आणून ठेवल्या आहेत ताई. उद्या सकाळी ऊन चढायच्या आधी घालतो. एक आणि दोनच्या बंद चौकट्यांपैकी दोन काढतो, बाकी दोन त्यांनाच. मागणीवाल्यांना सांगितलं, यंदा अर्धा किलोच मिळेल.

संत्रावाला (वरूड)
७ मार्च, रात्री ८.४५

त्यातला एक पाव पलीकडच्या बागवाल्या काकांना नक्की द्या.